आखाड्यातून प्रयोगशाळेकडे: गुरुऋणाची एक वेगळी वाट

योग आणि मल्लविद्या या दोन विद्यांची ध्येये वेगळी असली, तरी एका बाबतीत त्या सख्ख्या बहिणी आहेत: दोन्ही ग्रंथ वाचून येत नाहीत, जाणत्याने शिकणाऱ्याच्या शरीराला हात लावून, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून त्या पुढे द्याव्या लागतात. साधारण 15व्या शतकात स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’ची सुरुवात आदिनाथाला वंदन करून होते आणि त्यानंतर लगेच मत्स्येंद्र, गोरक्ष अशा सिद्धांची मालिका येते; पुढे क्रियांची वर्णने देतानाही ग्रंथकार साधकाला गुरूने दाखवलेल्या मार्गाकडे वारंवार वळवतो. नामावळीने ग्रंथ सुरू करण्याची ही रीत भक्तिभावाची आहेच, पण तिला व्यावहारिक अर्थही आहे, कारण ज्या विद्येचा लिखित पुरावा अपुरा असतो तिच्या खरेपणाची साक्ष ती कोणाकडून आली यावरूनच पटवावी लागते.

आखाड्यात हीच साक्ष वेगळ्या रूपात दिसते. महाराष्ट्रातील तालमींमध्ये कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. पहिलवान हौद्यात, म्हणजे कुस्तीसाठी कमावलेल्या लाल मातीच्या जागेत, उतरण्यापूर्वी माती कपाळाला लावतो, मारुतीला आणि वस्तादांना नमस्कार करतो आणि मगच जोर-बैठकांना लागतो. केरळातील कळरीपयट्टू या युद्धकलेत शिकवणाऱ्याला गुरुक्कळ म्हणतात आणि तेथील आखाड्यात, म्हणजे कळरीत, पूर्वसूरींच्या स्मरणासाठी ‘गुरुतर’ नावाचे स्थानच राखलेले असते. मल्लखांबाच्या परंपरेत आद्यगुरूचा मान बाळंभटदादा देवधर यांना दिला जातो. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख असला, तरी दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या काळात या कलेला नवे रूप दिले ते बाळंभटदादांनी. त्यांना सप्तशृंगी देवीचा दृष्टांत झाला आणि माकडांच्या हालचालींवरून उड्या व पकडी सुचल्या, असे परंपरा सांगते. या कथेला ऐतिहासिक पुरावा म्हणून फारसे मोल नाही, परंतु विद्येचा उगम एका नावाशी बांधून ठेवण्याची गरज परंपरेला किती वाटत होती, हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

या आदरालाही एक काळी बाजू होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःपाशी ठेवतो, ही गोष्ट भारतात आणि इराणकडच्या साहित्यातही फार जुनी आहे. तिच्यातला विनोद सोडला, तर उरते ती विद्या राखून ठेवण्याची वृत्ती, आणि या वृत्तीपायी किती डाव, किती उपचार आणि किती क्रिया त्या त्या माणसाबरोबरच संपल्या असतील याचा हिशेब लागणे शक्य नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला अनेक खंडांचा मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ हे या वृत्तीला मिळालेले एक भक्कम उत्तर होते, कारण तोवर तोंडी चालत आलेले ज्ञान त्यामुळे कोणाही वाचकासमोर खुले झाले. तरीही आदर आणि मोकळेपणा यांची सांगड कशी घालता येते याचे सर्वांत बोलके उदाहरण हवे असेल, तर ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883–1966), यांच्या कार्यात सापडते.

गुणे यांचा जन्म गुजरातमधील डभोईचा. बडोद्याला शिकत असताना, 1907 ते 1910 या काळात, ते राजरत्न प्रो. माणिकराव यांच्याकडे व्यायाम आणि युद्धकला शिकले. स्वतः माणिकराव जुम्मादादा या नामांकित मल्लाचे शिष्य होते, आणि बडोद्याची त्यांची व्यायामशाळा गुरूच्याच नावाने, जुम्मादादा व्यायाममंदिर म्हणून, ओळखली जाते. पुढे अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम करीत असताना, 1919 मध्ये, गुणे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांच्या सहवासात आले आणि त्यांच्याकडून योगातील प्रगत क्रिया शिकले. माधवदासजी मूळचे बंगालचे. त्यांनी शंभरी केव्हाच ओलांडली होती असे शिष्य मानत, आणि 1921 मध्ये त्यांचे देहावसान झाले. मल्लविद्येचा एक गुरू आणि योगाचा दुसरा गुरू असा दुहेरी वारसा लाभलेल्या या शिष्याने पुढे जे केले, ते रूढ गुरुपूजेच्या चौकटीत बसणारे नव्हते.

गुणे यांनी गुरूकडून मिळालेल्या क्रिया क्षकिरणांपुढे आणि दाबमापकापुढे मांडल्या. 1920च्या दशकाच्या आरंभी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील साधनांच्या मदतीने त्यांनी उड्डियान आणि नौली या दोन क्रियांचा अभ्यास सुरू केला. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, तो बाहेरच रोखून, छाती श्वास घेतल्यासारखी फुगवली जाते, त्यामुळे श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट आत खोल जाते. नौलीत याच अवस्थेत पोटाच्या पुढील दोन उभ्या स्नायूंना वेगळे उठवून मध्यभागी आणले जाते. नौली करणारा साधक बस्तिक्रियेत गुदद्वारातून पाणी आत खेचून घेऊ शकतो, हे योग्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि त्याचे स्पष्टीकरण प्राण-अपान या वायूंच्या भाषेत दिले जात असे. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यातील दाब मोजला, तेव्हा नौलीच्या वेळी तो बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते आणि पाणी वर चढते ते त्यामुळे, असे दिसून आले. या निर्वाताला त्यांनी ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले.

या नामकरणाकडे निव्वळ भावनेची गोष्ट म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पाश्चात्त्य विज्ञानात शोधाला शोधकाचे किंवा एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचे नाव देण्याची प्रथा सुप्रतिष्ठित आहे. कुवलयानंदांनी त्याच प्रथेचा आधार घेऊन, प्रयोगशाळेचे कधी तोंडही न पाहिलेल्या एका संन्याशाला त्या पंक्तीत बसवले, आणि तेही क्रियेचे जुने स्पष्टीकरण बाजूला ठेवून. गुरूने दिलेली क्रिया खरी, पण तिच्याविषयी सांगितलेला सिद्धांत तपासून पाहण्यास मोकळा, ही भूमिका त्या काळात धाडसाची होती. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून हे प्रयोग क्षकिरण-छायाचित्रांसह प्रसिद्ध होऊ लागले, म्हणजे एके काळी दीक्षेशिवाय न मिळणारे ज्ञान वर्गणीदाराच्या घरी टपालाने पोहोचू लागले.

माधवदासजींचे दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र, पूर्वाश्रमीचे मणिभाई देसाई, हेही तरुणपणी व्यायाम आणि कुस्तीत रमलेले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याला द योग इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि गुहेतल्या साधनेऐवजी संसारी माणसाला झेपेल असा योग शिकवण्यावर भर दिला. एकाच गुरूचे दोन शिष्य दोन दिशांना गेले आणि दोघांनीही वारसा राखला. शिष्य म्हणजे गुरूची हुबेहूब प्रतिकृती, हा समज परंपरेच्या गौरवात वारंवार डोकावतो, पण प्रत्यक्ष इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

गुरू-शिष्य नाते नेहमी गोडच असते असेही नाही. 1937 मध्ये पुण्यात येऊन योग शिकवू लागलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी आपले गुरू आणि मेहुणे तिरुमलै कृष्णमाचार्य यांच्या कठोरपणाविषयी पुढे मोकळेपणाने सांगितले. तरीही 1966 मध्ये प्रसिद्ध झालेला आणि मराठीत ‘योगदीपिका’ म्हणून वाचला जाणारा आपला ग्रंथ त्यांनी याच गुरूंना अर्पण केला. तक्रार आणि कृतज्ञता यांतले एक खोटे असलेच पाहिजे असे मानण्याचे कारण नाही. गुरूचा मान राखणे म्हणजे त्याच्या दोषांवर पांघरूण घालणे नव्हे, हे सध्याच्या काळात, योगशिक्षकांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी जगभर होत असताना, स्पष्टपणे सांगणे आवश्यक झाले आहे.

शासनाकडून होणाऱ्या सन्मानाचे गणित मात्र निराळे असते. 1985 मध्ये सुरू झालेला द्रोणाचार्य पुरस्कार प्रशिक्षकाचे मोल त्याच्या खेळाडूंनी मिळवलेल्या पदकांवरून ठरवतो. पहिल्याच वर्षी तो कुस्तीसाठी भालचंद्र भागवत यांना मिळाला, पण गावाकडच्या तालमीत पोरांना वळण लावणारा, ज्याचा एकही पठ्ठ्या आंतरराष्ट्रीय आखाड्यापर्यंत पोहोचला नाही असा वस्ताद या मापात बसत नाही. पद्म पुरस्कारांची कक्षा त्या मानाने रुंद आहे: कळरीपयट्टूच्या मीनाक्षी अम्मा यांना 2017 मध्ये आणि मुंबईच्या दादरमधील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे मल्लखांब-प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार 2017 मध्ये पुण्याच्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेला जाहीर झाला, तर 2018 मध्ये नाशिकचे विश्वास मंडलिक आणि श्रीयोगेंद्रांची द योग इन्स्टिट्यूट यांना. त्या वर्षी या संस्थेच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती.