टांगलेल्या ओझ्याखाली

इंदूर असो, वडोदरा असो वा हैदराबाद, आपल्या जुन्या वस्त्यांशेजारी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांच्या माथ्यावर क्रेनचा लांब बाहू फिरताना दिसतो. त्या बाहूला टांगलेल्या ओझ्याखाली माणसे वावरत असतात, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही. अपघात घडला की ‘बिचाऱ्याचे नशीब!’ म्हणून आपण मोकळे होतो. हा नशिबाचा दाखला आम्हांस मान्य नाही.

यातले गणित साधे आहे. एक टनाची तुळई दोन पोलादी दोरांनी सरळ टांगली, तर प्रत्येक दोरावर अर्धा टन ताण येतो. तेच दोर फाकून क्षितिजाशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकावर पूर्ण एक टन पडतो. ओझे तेच, दोर तेच. ताण मात्र दुप्पट! २० मीटरांवरून सुटलेली तुळई सुमारे २ सेकंदांत जमीन गाठते. तेवढ्या अवधीत पळणार कोण? डोक्यावरची टोपी विटेच्या तुकड्यापासून वाचवील, टनाच्या ओझ्यापासून नव्हे. म्हणून ओझ्याखाली कोणी उभेच राहू नये. ते हाताने न वळवता लांब दोरीने वळवावे, नाहीतर बोटे चिरडतात. क्रेनचालकाला इशारा एकानेच द्यावा. तारा तुटलेला दोर बाद करावा आणि वारा उठताच काम थांबवावे.

हे नियम मजुराला ठाऊक नसतात असे नाही. पण मुकादमाची घाई आणि हजेरी बुडण्याची भीती त्याला त्या ओझ्याखाली नेते.

यंत्रच कोसळले, तर अनर्थाला सीमा राहत नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात क्रेन कोसळून ११ जण दगावले. बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ रोजी, शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारे यंत्र कोसळून २० जणांचे प्राण गेले. त्यांतील अनेक जण पोटासाठी परप्रांतांतून आले होते. आपले पूर्वजही असेच परमुलुखात आले, हे आपण विसरू नये.

नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा १९९६ साली. पण नोंदणी नसलेल्या मजुराच्या घरी कायदा क्वचितच पोहोचतो. म्हणून वाचकहो, घर बांधताना किंवा सोसायटीच्या कामाचा करार करताना कंत्राटदाराला दर विचारण्याआधी एवढे विचारा : मजुरांची नोंदणी आहे काय? दोर कोण तपासतो? आणि ओझे वर जाताना खालची जागा मोकळी कोण ठेवतो?