गोंदियाच्या आकाशात 43 लाख सूर्य

मे महिन्यात मध्यरात्र उलटली की बालाघाटला वैनगंगेच्या काठी जा आणि गोंदियाच्या दिशेला, म्हणजे दक्षिणेला तोंड करा. वृश्चिकाची वळलेली नांगी दिसेल, तेच मूळ नक्षत्र. नांगीच्या टोकापासून जरा वर, किंचित डावीकडे सरका. तिथे आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे!

डोळ्यांना मात्र तिथे काहीच दिसणार नाही. मधली धूळ इतकी दाट, की तिकडून निघालेल्या एक लाख कोटी प्रकाशकणांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. रेडिओ लहरी या धुळीला जुमानत नाहीत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, एकेक 45 मीटर व्यासाची. त्यांच्या मदतीने सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी केंद्रातल्या सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवराच्या 580 मेगाहर्ट्झच्या लहरी टिपल्या आणि 2004 मध्ये ते जाहीर केलं. लहर हातभर लांबीची, पण प्रवास 26 हजार वर्षांहून जास्त!

आता हे अंतर रेल्वेने कापू. गाडी ताशी शंभर किलोमीटरने, एकही थांबा न घेता. गोंदिया अर्ध्या तासाच्या आत मागे पडेल. एक प्रकाशवर्ष ओलांडायला एक कोटी वर्षांहून जास्त लागतील. केंद्र गाठायला? सुमारे 28 हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय आहे 1,380 कोटी. म्हणजे विश्व वीस वेळा जन्मून एवढंच म्हातारं झालं, तरी आपली गाडी रुळावरच!

आणि तिथे बसलंय काय? 43 लाख सूर्यांचं वजन. एका सूर्यात 3 लाख 33 हजार पृथ्व्यांचं वस्तुमान असतं. करा गुणाकार: 1 लाख 43 हजार कोटी पृथ्व्या. एका पृथ्वीला एक रुपया धरून 140 कोटी भारतीयांत वाटला, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या हाती हजार रुपये पडतील. माणशी हजार पृथ्व्या! एवढा ऐवज मावलाय मात्र अडीच कोटी किलोमीटर रुंदीत. अठरा सूर्य ओळीने मांडले की झालं. बुधाच्या कक्षेत ते सहज बसेल. म्हणूनच 12 मे 2022 ला त्याच्या भोवतीच्या तेजोवलयाचं छायाचित्र प्रसिद्ध झालं, तेव्हा शास्त्रज्ञांनी चंद्रावर ठेवलेली पुरी पृथ्वीवरून बघावी, तसला पराक्रम केला होता.

त्याच्याभोवती एस-2 नावाचा तारा सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मे 2018 मध्ये तो अगदी जवळून गेला, सेकंदाला सुमारे 7,650 किलोमीटर वेगाने. या वेगाने मुंबई-पुणे एका सेकंदात पन्नास वेळा होईल. पंचवीस वेळा जा, पंचवीस वेळा या!

मला सर्वांत थक्क करते ती या राक्षसाची भूक. ती जवळजवळ नाहीच. तो माणूस असता, तर दहा लाख वर्षांत भाताचा एक दाणा खाऊन राहिला असता, ही तुलना शास्त्रज्ञांचीच. चिन्नोर तांदूळ पिकवणाऱ्या बालाघाटात तर ती चटकन पटावी. तरी वेब दुर्बिणीने त्याच्याकडे एकूण 48 तास रोखून पाहिलं, तेव्हा दिवसाला पाच-सहा मोठे भडके दिसले. उपाशीपोटी ही धग!

आपणही स्थिर नाही. सूर्य आपल्याला घेऊन याच केंद्राभोवती सेकंदाला 230 किलोमीटर धावतोय, आणि एका फेरीला लागतात सुमारे 23 कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता, त्याला 6.6 कोटी वर्षं झाली. तेवढ्यात आपली पाव फेरीहून थोडीच जास्त वाट सरली. हा परिच्छेद वाचायला पंधरा सेकंद लागले असतील, तर वैनगंगा, बालाघाट, गोंदिया आणि तुम्ही मिळून साडेतीन हजार किलोमीटर पुढे आलात!