ललितापंचमी, तंत्रविधी आणि कवी कलश

नवरात्रातील पाचवी माळ म्हणजे ललितापंचमी. भंडासुराच्या जाचाने त्रस्त झालेल्या देवांनी महायाग मांडला आणि त्याच अग्निकुंडातून ललितादेवी प्रकटली, अशी ब्रह्मांडपुराणातील ललितोपाख्यानाची कथा आहे. यथासांग विधीने शक्तीला पाचारण करता येते, ही तंत्रमार्गाची श्रद्धा या कथेत स्पष्ट दिसते. तिची पाळेमुळे शांतिकर्म आणि अभिचार यांना शेजारी शेजारी स्थान देणाऱ्या अथर्ववेदापर्यंत पोहोचतात.

याच तिथीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, रायगडावर निश्चलपुरी गोसावी यांच्या हस्ते शिवछत्रपतींना तांत्रिक अभिषेक झाला. ६ जूनच्या वैदिक राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी जिजाऊसाहेबांचे देहावसान झाले होते. पहिल्या विधीत उणीव राहिली, असे निश्चलपुरींचे म्हणणे. 'शिवराज्याभिषेककल्पतरू' या संस्कृत ग्रंथात हे सारे आले आहे.

कोरेगाव भीमाहून आम्ही जवळच्या वढू बुद्रुकला जातो, तेव्हा शंभूराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन कवी कलशाच्या समाधीपुढेही अंमळ थांबतो. उत्तरेकडून आलेल्या या शाक्त पंडिताला पुढील काळच्या बखरकारांनी राजाला मंत्रतंत्राने भारून टाकणारा 'कब्जी' ठरविले. जे कर्म सिंहासनाच्या रक्षणासाठी थोरल्या महाराजांनी मान्य केले, तेच धाकट्या धन्याच्या सेवकाला दूषण व्हावे, हा न्याय आम्हांस पटत नाही. शंभूराजांसमवेत हालहाल सोसून ११ मार्च १६८९ रोजी त्यानेही प्राण दिला.