रविवारची छायाचित्र-सहल



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आज एकाहून अधिक कॅमेरे आहेत, कारण खिशांतला मोबाईल हाही कॅमेराच आहे. असें असतांना चार मित्रांनीं रविवारीं पहांटे उठावें, भाकरी बांधून घ्यावी आणि फोटो काढण्यासाठीं रानांत किंवा परगांवीं जावें, यांत विशेष तें काय, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. माझ्या घरींही तो अनेकदां विचारला गेला आहे. आज त्याचें उत्तर देण्याचा विचार आहे.

मी धंद्यानें छायाचित्रकार नाहीं. मॅट्रिक होऊन मीं शाळेंत नोकरी धरली आणि मुलांना शिकविण्यांत आयुष्य गेलें. परंतु सुमारें चाळीस वर्षें किनवटच्या आसपास आमची एक लहानशी मंडळी अशा सहली काढीत आली आहे. मंडळींत दोन शिक्षक, एक शिंपी, एक औषधांचे दुकानदार आणि रेल्वेंतून निवृत्त झालेले एक स्नेही आहेत. या सहलींनीं आम्हांला दोन गोष्टी शिकविल्या. कसें पाहावें, ही पहिली. आणि पाहून घेतलेल्याचें पुढें काय करावें, ही दुसरी. पहिली हळूहळू अंगवळणीं पडली. दुसरी मात्र माझ्याच एका चुकीमुळें कळली. ती चूक मी शेवटीं सांगणार आहें.

प्रथम थोडें मागें वळून पाहूं. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिस येथें दागेर यांची छायाचित्रणाची रीति जगापुढें मांडण्यांत आली. पुढें पंधराच वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत या कलेची आवड असणाऱ्यांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या कार्यांत भाग घेत. तेव्हां समान आवडीच्या माणसांनीं एकत्र येऊन फोटो काढावे व एकमेकांस दाखवावे, ही कल्पना आपल्या प्रांताला नवी नाहीं. मात्र त्या काळची सहल सोपी नव्हती. कांचेवर रसायनांचा ओला थर द्यावा लागे आणि तो वाळण्यापूर्वींच फोटो काढून कांच धुवावी लागे. म्हणून अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी, कांचांच्या पेट्या आणि हें सारें वाहणारीं माणसें बरोबर घ्यावीं लागत.

आपल्या मराठवाड्यांतलें एक उदाहरण देतों. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगांतील नकला करण्याच्या कामावर होता. त्यानें अनेक वर्षें खपून केलेल्या त्या मोठमोठ्या नकला विलायतेस पाठविण्यांत आल्या, आणि त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळून गेल्या. याच गिलनें कॅमेऱ्यानें काढलेलीं अजिंठा-वेरूळचीं चित्रें १८६४ सालीं पुस्तकरूपानें बाहेर पडलीं होतीं. तीं मात्र टिकलीं, कारण त्यांच्या प्रती अनेकांच्या घरीं पोंचल्या होत्या. रंगविलेलें चित्र एकच असतें. छायाचित्राच्या प्रती हव्या तितक्या निघतात व निरनिराळ्या हातीं जातात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां आमच्या मुलखाकडे येऊं. किनवट हें पैनगंगेच्या कांठचें, सागवानी जंगलानें वेढलेलें गांव आहे. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांत होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां तो नांदेड जिल्ह्यांत आला. त्यामुळें आमच्या आठवडी बाजारांत मराठीबरोबर तेलुगु, गोंडी आणि बंजारी बोलीही कानांवर येते. एका बाजूस माहूरचा डोंगर व रेणुकेचें स्थान, एका बाजूस उनकेश्वरचे ऊन पाण्याचे झरे, आणि इस्लापूरच्या बाजूस सहस्रकुंडाचा धबधबा. फोटो काढणाऱ्यास याहून अधिक काय पाहिजे?

परंतु स्थळ चांगलें असलें म्हणजे फोटो चांगला येतो, असें नाहीं. कॅमेरा झाड टिपीत नाहीं, झाडावर पडलेला उजेड टिपतो. किनवट हें सुमारें साडेएकोणीस अक्षांशावर आहे. म्हणून वर्षांतून दोनदां, मेच्या तिसऱ्या आठवड्यांत व जुलैच्या अखेरच्या सुमारास, मध्यान्हीं सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वेळीं माणसाचा फोटो घ्या: डोळ्यांच्या खांचा काळ्या पडतील आणि नाकाची सावली ओठांवर उतरेल. देखणा मनुष्यही आजारी दिसेल! सकाळीं सूर्य खालीं असतो व उजेड आडवा येतो. त्यामुळें सागाच्या सालीची प्रत्येक चीर, नांगरटीचें प्रत्येक ढेंकूळ उठून दिसतें. शिवाय त्या वेळीं उजेडाला हवेच्या लांब थरांतून यावें लागतें. निळा भाग वाटेंत विखुरतो आणि उरलेला उजेड सोनेरी होतो. म्हणून आम्ही उजाडण्यापूर्वीं निघतों. दुपारींच फोटो घेण्याची वेळ आली, तर त्या माणसाला ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलींत बसवावें आणि एका मित्रानें बाजूला पांढरें उपरणें पसरून धरावें. उपरण्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडतो व डोळे जिवंत दिसतात. मित्र बरोबर असण्याचा हा पहिला, अगदीं रोकडा फायदा.

पावसाळ्यांत आम्ही सहस्रकुंडास जातों. तेथें पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनीं खालीं कोसळते. एका कांठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या कांठाला यवतमाळ. कॅमेऱ्याचें शटर किती वेळ उघडें ठेवावें, हें शिकण्यास याहून उत्तम पाठशाळा नाहीं. सेकंदाचा हजारावा भाग उघडलें, तर प्रत्येक थेंब हवेंत थांबलेला दिसतो. पाव सेकंद उघडें ठेवलें, तर तेंच पाणी पिंजलेल्या कापसासारखें होतें; मात्र तेवढा वेळ कॅमेरा तिपाईवर किंवा दगडावर अगदीं स्थिर पाहिजे. यांतलें खरें पाणी कोणतें? आमच्यांत यावर पुष्कळ वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाहीं.

तेथें ऊन पडलें म्हणजे तुषारांत इंद्रधनुष्य दिसतें. तें शोधण्याची रीति सोपी आहे. सूर्य पाठीशीं घ्यावा व तुषार समोर. आपल्या डोक्याची सावली जेथें पडते तिच्याभोंवतीं सुमारें ४२ अंशांवर तें उमटतें. याचा अर्थ असा कीं, ज्याच्या त्याच्या डोळ्याचें इंद्रधनुष्य वेगळें. दहा हात अंतरावर उभ्या असलेल्या दोन मित्रांच्या कॅमेऱ्यांत एकच इंद्रधनुष्य येत नाहीं. संध्याकाळीं सर्वांचे फोटो एकत्र पाहतांना हेंच अनुभवास येतें. एकाच धबधब्यावर आम्ही पांच जण उभे होतों. दुकानदारानें पाणी पाहिलें, शिंप्यानें बायकांच्या लुगड्यांचे रंग पाहिले, आणि रेल्वेच्या स्नेह्यांनीं पलीकडच्या कातळावर पंख वाळवीत बसलेला पाणकावळा पाहिला. मीं तर तो पाहिलाच नव्हता. आपल्या दृष्टीला काय सुटतें, हें दुसऱ्याच्या फोटोवांचून कळत नाहीं. मित्रांसह जाण्याचा हा दुसरा व मोठा फायदा.

तेथील एक नियम मात्र सांगितलाच पाहिजे. वरच्या बाजूस पाऊस झाला तर नदी बघतां बघतां चढते आणि ओला कातळ साबणासारखा निसरडा होतो. फोटो काढणाऱ्याचें लक्ष पायांकडे नसतें. म्हणून आमच्यापैकीं एक जण पाळीपाळीनें कॅमेरा पिशवींत ठेवून नुसता पहारा करतो. त्याचा शब्द त्या दिवशीं अखेरचा.

हिवाळ्यांत उनकेश्वरीं वेगळी अडचण येते. गार हवेंतून आणलेलें भिंग ऊन पाण्याच्या वाफेजवळ नेलें कीं त्यावर दंव धरतें आणि सारें चित्र धूसर होतें. घाईनें पुसूं नये. कांच हवेइतकी ऊन होईपर्यंत थांबावें. जंगलांतही थांबणेंच मुख्य. अभयारण्यांत जावयाचें तर वनखात्याची परवानगी प्रथम काढावी. घरट्याजवळ जाऊं नये, आणि फोटोच्या आड येते म्हणून फांदी तोडूं नये. ती फांदी पिलांची सावली असते. एखादा फोटो हुकला तर हुकूं द्यावा.

शहरांतली सहल निराळी. आम्ही सकाळच्या गाडीनें नांदेडास जातों. गोदावरीचे घाट, जुन्या वाड्यांचे दरवाजे, हातांनीं रंगविलेल्या दुकानांच्या पाट्या, संध्याकाळीं सचखंड गुरुद्वाऱ्याच्या बाहेरची वर्दळ, असें पाहण्यासारखें पुष्कळ आहे. पवित्र स्थळीं मस्तक झांकावें व फोटो चालतो कीं नाहीं हें विचारून घ्यावें. शहरांत मन सैरावैरा धांवतें. म्हणून आम्ही निघतांनाच एक विषय ठरवितों. आज फक्त दरवाजे, किंवा आज फक्त काम करणारे हात. बंधन घातलें म्हणजे डोळा धारदार होतो. आणि रानापेक्षां शहर लवकर बदलतें. ज्या वाड्याचा दरवाजा आम्हीं एका वर्षीं टिपला, तेथें दोन वर्षांनीं सिमेंटची इमारत उभी होती. त्या दरवाजाचें कोरीवकाम आतां आमच्या कागदावरच काय तें उरलें आहे.

आतां माझी चूक सांगतों. गोष्ट १९८५ च्या दिवाळींतली. त्या दिवसांत आमच्याकडे गोंड लोकांचीं दंडारीचीं पथकें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नाचत जातात. त्यांतले घुसाडी अंगाला राख फांसतात व डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप घालतात. तो टोप त्यांच्या दृष्टीनें शोभेची वस्तु नव्हे. त्याची पूजा होते. एका गुड्यावर अशाच एका वृद्ध घुसाड्याचा फोटो मीं परवानगीनें काढला. माझ्याजवळ तेव्हां क्लिक-थ्री कॅमेरा होता. एका रोलवर बारा फोटो निघत. फोटो झाल्यावर तो वृद्ध म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरांत एक बी फोटो नाही. एक आम्हाला द्याल का?" मीं होकार दिला.

रोलवर दोन फोटो शिल्लक होते. ते फुकट कां घालवावे, म्हणून रोल तसाच राहिला. पुढें तो धुवून आणला, तोंवर परीक्षा आल्या. प्रत एका पुस्तकांत ठेवली होती, ती तेथेंच राहिली. पुढच्या दिवाळीस ती घेऊन गेलों, तेव्हां कळलें कीं तो वृद्ध पावसाळ्यांतच वारला. त्याच्या पत्नीनें फोटो दोन्ही हातांनीं घेतला, चेहऱ्यावरून बोट फिरविलें आणि "बरं झालं, आणलात" इतकेंच म्हणाली. मुलगा मागून पाहत होता. त्यानें विचारलें, "टोप सगळा नाही आला होय, गुरुजी?"

खरेंच आला नव्हता. त्या कॅमेऱ्याची पाहण्याची खिडकी वर व भिंग तिच्या खालीं असे. लांबच्या वस्तूला त्यानें फरक पडत नाहीं; परंतु मनुष्य जवळ असला कीं डोळ्याला जें दिसतें त्याहून भिंगाला थोडें खालचें दिसतें, आणि चित्राचा वरचा भाग कापला जातो. हें मला ठाऊक होतें, पण त्या वेळीं मी केवळ सुरकुतलेला चेहरा पाहत होतों. टोपाचा शेंडा गेल्याचें पुस्तकांत प्रत ठेवतांनाही माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. प्रत महिन्याभरांत नेऊन दिली असती, तर त्या वृद्धानेंच तें दाखविलें असतें, आणि मीं दुसरा फोटो काढला असता. तो कसा दिसतो हें मीं ठरविलें होतें. त्याला स्वतःला कसें दिसावयाचें आहे, हें मीं विचारलेंच नव्हतें.

तेव्हांपासून आमच्या मंडळीचा नियम झाला आहे: मागच्या सहलींतल्या माणसांच्या प्रती पोंचत्या झाल्याशिवाय पुढची सहल निघत नाहीं. फोटो काढण्यापूर्वीं विचारावें, काढल्यावर त्याला दाखवून "बरोबर आला का?" असें पुन्हां विचारावें. आतां मोबाईलच्या पडद्यावर हें क्षणांत होतें, एवढी सोय आम्हांला तेव्हां नव्हती. प्रतीच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें नांव, गांव व तारीख लिहावी. शाई उतरते, पेन्सिल टिकते. आणि फोटो केवळ यंत्रांत सांठवून ठेवूं नयेत. यंत्र हरवतें, बिघडतें, बदललें जातें. गिलच्या चित्रांची गोष्ट आठवावी: जें अनेकांच्या घरीं गेलें तेंच राहिलें.

तर रविवारीं बाहेर पडण्यांत विशेष तें काय, याचें माझें उत्तर असें. सकाळीं जाऊन आपण कांहीं घेऊन येतों, आणि तें परत देण्याच्या निमित्तानें पुन्हां जाणें होतें. अशा दुसऱ्या फेऱ्यांतच आमच्या ओळखी झाल्या. त्या घुसाड्याचा मुलगा आज स्वतः नातवंडांचा आजोबा आहे. परवांच्या दिवाळींत त्यानें मला उभें करून आपल्या मोबाईलवर माझा फोटो काढला आणि तो नीट आला कीं नाहीं हें मला विचारलें. माझी टोपी त्यांत सबंध आली आहे.