काचेआडची हवा

संग्रहालयातल्या काचपेटीत मोजली जाते ती सापेक्ष आर्द्रता. विशिष्ट तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प त्या वेळी हवेत आहे, हे ती सांगते. त्यामुळे बाष्प तेवढेच राहिले तरी आकडा बदलतो. पेटीतले दिवे लागले की हवा तापते व आकडा उतरतो. रात्री दिवे मालवले की तो पुन्हा चढतो. हा रोजचा चढउतारच वस्तूंना भोवतो.

लाकूड, हस्तिदंत, कागद, चामडे हे पदार्थ हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत अडकते, तसेच लाकडी फलकावरच्या चित्राचेही होते. फक्त तिथे लाकडाबरोबर रंगाचा थर ताणला जात नाही आणि त्याचे पापुद्रे सुटतात. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, तर बुरशीला वाव मिळतो. धातूंची गोष्ट वेगळी. उत्खननात सापडलेल्या कांस्याच्या वस्तूत क्लोराइड क्षार मुरलेले असले, तर साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे त्यावर फिकट हिरवी भुकटी धरू लागते. जमिनीतून निघालेल्या क्षारयुक्त लोखंडाला तर २० टक्क्यांहूनही कोरडी हवा लागते. हस्तिदंती मुठीची पोलादी तलवार ही म्हणूनच जतनतज्ज्ञांची नेहमीची डोकेदुखी: पात्याला कोरडेपणा हवा आणि मुठीला तोच सोसत नाही. अशा वेळी तडजोडीचा आकडा ठरवून तो स्थिर ठेवण्यावर भर द्यावा लागतो.

मोजण्याचे जुने साधन म्हणजे केस. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर याने १७८३ मध्ये केसाच्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेलेला मानवी केस सुमारे दोन टक्क्यांनी लांबतो. याच तत्त्वावर चालणारी, फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर आठवडाभराची रेघ ओढणारी यंत्रे संग्रहालयांनी अनेक दशके वापरली. मात्र लहान पेटीत ती मावत नसत आणि केसाची ओढ सैलावली की आकडा भरकटत असे.

आता ते काम काडेपेटीएवढा डेटा लॉगर करतो. त्याच्या सेन्सरमधला बहुवारिकाचा पातळ थर बाष्प शोषतो, त्याची विद्युतधारिता बदलते आणि दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने नोंद होते. सेन्सरची अचूकता साधारण दोन-तीन टक्क्यांची असते, त्यामुळे ५० आणि ५२ मधल्या फरकावर खल करण्यात अर्थ नाही. सेन्सरही कालांतराने चुकू लागतो. तो तपासायला साधे मीठ उपयोगी पडते: बंद डब्यात मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले, तर २५ अंश सेल्सियसला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणावर ती ३३ टक्के असते.

सेन्सर दिव्याखाली ठेवला तर खोटा कोरडेपणा दाखवतो. तो वस्तूजवळ, पण प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवतात. दुसरा सेन्सर दालनात हवाच. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की पेटीची खरी परीक्षा होते. दालनातला चढउतार काही तासांतच पेटीत उमटत असेल, तर फटी आहेत किंवा रबरी पट्ट्या गेल्या आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले गॅरी थॉमसन यांनी १९७७ मध्ये यासाठी एक माप सुचवले: आतल्या व बाहेरच्या आर्द्रतेतला फरक निम्मा व्हायला लागणारा काळ. उत्तम पेटीतली हवा बदलायला दहा दिवस लागतात. साध्या पेटीत ती दिवसातून अनेकदा बदलते.

पेटी घट्ट असेल तरच तळाच्या कप्प्यात ठेवलेले सिलिका जेल उपयोगी पडते. ते आधी हव्या त्या आर्द्रतेला आणून ठेवले, की बाष्प जास्त झाल्यावर शोषते आणि कमी पडल्यावर सोडते. मुंबईतला जुलै आणि विदर्भातली मे महिन्याची दुपार यांत आर्द्रतेचा फरक ८५ ते २० टक्के इतका असू शकतो, तेव्हा गळक्या पेटीत कितीही जेल भरले तरी ते लवकरच थकते. निळे जेल गुलाबी झाले की बदलायचे, हा समजही अपुरा आहे. कोबाल्ट क्लोराइडमुळे दिसणारा हा रंगबदल ४० टक्क्यांच्या आसपासच होऊन जातो. ५० टक्के राखायचे असतील तर रंगावरून काहीच कळत नाही. शिवाय हा क्षार कर्करोगकारक मानला जात असल्याने आता नारिंगी जेल अधिक वापरतात.

घट्टपणाचीही किंमत असते. प्लायवुड, रंग, गोंद यांतून निघणारी आम्ले बंद पेटीत साठतात आणि शिसे किंवा शिंपले खराब करतात. घट्टपणाचे टोकाचे उदाहरण दिल्लीत संसद ग्रंथालयात आहे. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रती नायट्रोजन भरलेल्या बंद पेट्यांत आहेत आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखली जाते. या पेट्या १९९४ मध्ये अमेरिकेतल्या गेटी जतनसंस्थेच्या मदतीने बसवल्या गेल्या.

नेहमीच्या संग्रहालयात मात्र आलेखाशेजारी एक वहीही लागते. पेटी कधी उघडली, वातानुकूलन रात्री बंद होते का, दालनात गर्दी कधी होती, फरशी कधी पुसली, याच्या नोंदी तीत असतात. आलेखातल्या प्रत्येक उंचवट्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.