जाळी हरवली, म्हणून छत फोडायचे?

जुलै २०२५ मध्ये लोहगड ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यानंतर लोहगडवाडी, भाजे, मळवली या पट्ट्यातल्या जुन्या बंगल्यांना आणि होमस्टेंना डागडुजीचे वेध लागले तर नवल नाही. भिंतींना रंग लागतो, नळ बदलतात, गाद्या येतात. मग कोणाचे तरी लक्ष छताकडे जाते. पीओपीत बसवलेल्या गोल स्पीकरच्या जाळ्या कधीच्या गायब असतात आणि काळे कोन उघडे पडलेले असतात. यावर ठेकेदाराचा ठरलेला सल्ला असतो : काढून टाका, भोके बुजवा, पाहुणे ब्लूटूथ आणतातच. हा सल्ला खर्चिक आहे आणि बहुतेक वेळा चुकीचाही. लोहगडाची देखभाल ज्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, त्याच्या २०१४ च्या संवर्धन धोरणाचा गाभा ‘कमीत कमी हस्तक्षेप’ हा आहे. तटाचा एक चिरा ढळला म्हणून कोणी तट पाडत नाही. घराच्या छताला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

जाळी निव्वळ शोभेची असती तर गोष्ट वेगळी होती. पण तिच्यामुळे कोनला आणि मधल्या नाजूक ट्वीटरला बोटाचा, जाळे काढायच्या झाडूचा धक्का लागत नाही. पाल आत शिरत नाही आणि कुंभारीण माशीला मातीचे घरटे बांधायला आडोसा मिळत नाही. मावळात याहून मोठा शत्रू आहे दमटपणा. लोणावळा परिसरात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आठवडा-आठवडा बंद राहणाऱ्या बंगल्यात ती ओल मुरते. जाळी हवा अडवत नाही, त्यामुळे दमटपणावर ती उपाय नव्हे. उलट तो तिलाच आधी खातो. लोखंडी पत्रा गंजला की पकड सैल होते आणि जाळी निसटते. म्हणून नवी जाळी मागवण्याआधी कोनभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती फोमची असेल तर दमट हवेत वर्षानुवर्षे कुजून तिचा भुगा होतो. अशा स्पीकरला आधी नवी कड लागते, जाळी नंतर. कड रबराची आणि शाबूत असेल, आवाज फाटत नसेल, तर उरते ते फक्त जाळीचे काम.

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात, कारण खोक्यावरचा साडेसहा इंच हा आकडा कोनचा असतो, जाळीचा नव्हे. जाळी त्याहून बरीच रुंद असते. मोजायचे ते कडेच्या चौकटीचा बाहेरचा व्यास, खाचेचा व्यास आणि खाचेची खोली, तेही मिलिमीटरमध्ये. जुन्या जाळ्या खाचेत दाबून बसतात, तिथे एक-दोन मिलिमीटरची चूकही चालत नाही. नव्या धाटणीच्या जाळ्या चुंबकावर टिकतात, म्हणून त्या लोखंडीच हव्यात. ॲल्युमिनियम गंजत नाही हे खरे, पण चुंबकाला ते चिकटत नाही. कंपनीचा सुटा भाग मिळत नसेल तर छिद्रांचा पत्रा गोल कापून, कड वळवून, पावडर कोटिंग करून देण्याचे काम फॅब्रिकेटर करू शकतो. छिद्रे मात्र दाट हवीत. पत्र्याचा निम्म्याच्या आसपास भाग उघडा नसेल तर वरच्या पट्टीतले स्वर दबतात. छताचा रंग जाळीवर रोलरने फासला की छिद्रे बुजून तोच परिणाम होतो. त्यापेक्षा पातळ स्प्रे बरा, तोही जाळी खाली उतरवून.

गडाच्या पायथ्याशी गाणीच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण संगीत लागणारच असेल तर छतातला मंद स्पीकर व्हरांड्यातल्या मोठ्या खोक्यापेक्षा बरा. त्याचा आवाज खोलीतच राहण्याची शक्यता जास्त. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हे यजमानाने विसरू नये. नवा संच स्वस्त पडतो, हा दुसरा आक्षेप. तो संचाच्या किमतीपुरताच खरा आहे. नव्याचे भोक जुन्याशी जुळले नाही तर पीओपीवाला, रंगारी आणि वायरमन असे तिघे येतात आणि चालता स्पीकर ई-कचऱ्यात जातो.

खरा दोष सुटी जाळी न विकणाऱ्या उत्पादकांचा आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, पण चर्चा मोबाइल आणि फ्रिजभोवतीच फिरते. असल्या साध्या भागांची मापेही जाहीर व्हायला हवीत. तोवर ग्राहकाने खरेदीच्या वेळीच एक जादा जाळी मागावी आणि तिचे माप बिलावर लिहून घ्यावे.