मालक तोच, नोकरही तोच

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत वह्यांची पूजा होते. बिलं आता संगणकावर निघतात, तरी एक लाल वही आणली जाते आणि पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं जातं. वर्षभराची खरेदी, विक्री, उधारी त्या वहीत किंवा तिच्या जागी आलेल्या संगणकात चढते. मालकाने स्वतःसाठी महिन्याला किती घेतले, हे मात्र तिथे सहसा सापडत नाही. किराणा हवा होता, गल्ल्यातून घेतले. मुलाची फी आली, चालू खात्यातून भरली. भारतात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वयंरोजगारावर जगतात. शेतकरी, दुकानदार, रिक्षावाले, शिंपी, वकील, डॉक्टर, छायाचित्रकार सगळे त्यात आले. त्यांच्या बचतीची अडचण या न लिहिलेल्या नोंदीपासूनच सुरू होते, असं मला वाटतं.

नोकरदाराचा पगार हातात येण्याआधीच मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे बारा टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात आणि मालकही आपला वाटा घालतो. ग्रॅच्युइटी असते, बऱ्याच ठिकाणी गट आरोग्यविमा असतो, आजारी पडलं तर पगारी रजा असते. त्याने फारसं काही न ठरवताही निवृत्तीला काही रक्कम हाती पडते. स्वयंरोजगारात मालकही तोच आणि नोकरही तोच, आणि बहुतेक ठिकाणी हा मालक आपल्या एकुलत्या एक नोकराचं सगळं देणं थकवतो. म्हणून पैसे कुठे गुंतवावेत हे विचारण्याआधी त्याने स्वतःला पगार सुरू करावा. ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला, धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात.

हे सांगणं सोपं आहे. पेणच्या मूर्तिकाराला ते कसं जमावं? पेण आणि जवळच्या हमरापूर-जोहे भागात एक गणेशोत्सव संपला की पुढच्या वर्षीच्या मूर्तींना हात लागतो. माती, रंग, कारागिरांची मजुरी, जागेचं भाडं असे पैसे महिनोन्‌महिने बाहेर जात राहतात आणि मोठी आवक श्रावण-भाद्रपदात होते. त्यातून कर्ज फिटतं, घराची डागडुजी होते, एखादं लग्न निघतं, आणि होळीच्या सुमारास पुन्हा हातउसने सुरू होतात. दरमहा पाच हजारांची एसआयपी करा, हा सल्ला पगारदारासाठी घडवलेला आहे. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो आणि वर बँकेचा दंड बसतो. मूर्तिकाराने उलट्या क्रमाने जावं. भाद्रपदात पैसे आले की आधी देणी आणि कराचे पैसे बाजूला काढावेत. मग पुढच्या बारा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात ठेवावा आणि तिथून दर एक तारखेला स्वतःचा पगार घ्यावा. पुढच्या मोसमाचं भांडवल राखून जे उरेल, त्यातला ठरलेला टक्का दीर्घ मुदतीसाठी जावा. रक्कम न ठरवता टक्का ठरवला की पडत्या वर्षीही शिस्त मोडत नाही. चातुर्मासात रिकामा असणारा लग्नाचा छायाचित्रकार आणि पावसाळ्यात खोल्या ओस पडणारा कोकणातला पर्यटन व्यावसायिक, दोघांनाही हीच रीत लागू पडते.

वर्षभराचा खर्च बाजूला ठेवा म्हटलं की पैसा पडून राहील अशी हरकत येते. मार्च २०२० आठवून पाहावा. निफ्टी जानेवारीतल्या उच्चांकावरून दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के घसरला आणि त्याच आठवड्यांत दुकानांची शटर बंद झाली. ज्यांच्याकडे रोकड नव्हती, त्यांना नेमक्या त्या भावाला फंडाचे युनिट विकावे लागले. दुकान हीच माझी पेन्शन, असं म्हणणाऱ्यांसाठीही हा मुद्दा आहे. कमाई, जागा आणि सगळी बचत एकाच धंद्यात असेल, तर सगळं एकदमच आजारी पडतं.

दीर्घ मुदतीसाठी माझी पहिली पसंती जुन्या, साध्या पीपीएफला, म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीला आहे. १९६८ साली सुरू झालेली ही योजना पगारदारांइतकीच, किंबहुना जास्त, नोकरी नसलेल्यांच्या कामाची आहे. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के आहे आणि ते करमुक्त आहे. दरवर्षी कमाल मर्यादेचे दीड लाख वर्षाच्या सुरुवातीला भरले, तर याच दराने पंधरा वर्षांनी ४० लाखांवर रक्कम होते. वर्षाला किमान पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं, त्यामुळे कमीजास्त उत्पन्नाला ते मानवतं. शिवाय धंद्यात कर्ज थकलं तरी न्यायालयाच्या आदेशाने या खात्यावर जप्ती आणता येत नाही. प्राप्तिकराची थकबाकी हा अपवाद. धंदेवाईक माणसाच्या दृष्टीने व्याजदराइतकंच मोल या संरक्षणाला आहे.

असंच संरक्षण १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यात आहे. पतीने स्वतःच्या आयुष्यावरची मुदत विमा पॉलिसी घेतानाच या कायद्याखालचा अर्ज भरला, तर दाव्याची रक्कम पत्नी-मुलांची होते आणि एरवी धनकोंचा तिच्यावर हक्क पोहोचत नाही. पॉलिसी काढून झाल्यावर हे करता येत नाही. विम्यात बचत मिसळलेल्या पॉलिसी घेऊ नयेत, असं मी म्हणेन. त्या महाग असतात आणि संरक्षण तुटपुंजं देतात. शुद्ध मुदत विमा आणि कुटुंबाचा आरोग्यविमा आधी घ्यावा. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढला आहे.

आता शेअर बाजार. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारासाठी निर्देशांक फंड आणला. १५ कोटी डॉलर गोळा करायचे होते, जेमतेम १.१३ कोटी आले. त्यामागचा विचार मात्र टिकला. कोणता शेअर चढेल हे ओळखण्यासाठी मोठी फी देण्यापेक्षा सगळा बाजार थोडाथोडा घ्यावा आणि खर्च वाचवावा. आपल्याकडे निफ्टी १९९६ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २००९ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांचा प्रवेशभार, म्हणजे गुंतवतानाच कापली जाणारी फी, बंद केला आणि जानेवारी २०१३ पासून वितरकाच्या कमिशनविना घ्यायच्या डायरेक्ट योजना आल्या. आज डायरेक्ट निर्देशांक फंड शंभर रुपयांमागे वर्षाला वीस-तीस पैशांत, काही त्याहूनही कमी खर्चात मिळतात.

एक टक्का खर्चाने काय बिघडतं? दरमहा दहा हजार, पंचवीस वर्षं. परतावा ११ टक्के धरला तर सुमारे १ कोटी ५८ लाख होतात. खर्चापोटी तो १० टक्क्यांवर आला तर १ कोटी ३३ लाख. भरलेले पैसे होते ३० लाख आणि फरक पडला २५ लाखांचा. ११ टक्के मिळतील याची हमी कुणीही देऊ शकत नाही, खर्च मात्र हमखास कापला जातो. दुकानदार माल घेताना किलोमागे चार आणे घासाघीस करतो. तीच नजर त्याने फंडाच्या खर्चावर ठेवावी.

एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, खर्चही फार कमी आहे आणि ती मे २००९ पासून सर्वांना खुली आहे. पण इथे पगारदार आणि स्वयंरोजगारी यांच्यात मला अन्याय दिसतो. नव्या करप्रणालीत मालकाने भरलेल्या एनपीएसच्या हिश्श्यावर पगारदाराला वजावट मिळते. स्वतःच स्वतःचा मालक असलेल्याला काहीच मिळत नाही. करप्रणाली बदलण्याची मुभाही तशीच. पगारदार दरवर्षी निवड करू शकतो, पण धंद्याचं उत्पन्न असलेला जुन्या प्रणालीत गेला की त्याला नव्या प्रणालीत परतण्याची संधी एकदाच मिळते. दुसरीकडे अंदाजित उत्पन्नाची सवलत मोठी आहे. वर्षाला २४ लाख फी मिळवणारा वकील किंवा डॉक्टर त्यातलं निम्मं उत्पन्न दाखवू शकतो, आणि २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही. अशांना आगाऊ कर लागलाच, तर तो १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. या सवलतीतून वाचलेला पैसा गल्ल्यातच विरघळू नये.

पिग्मीला मी नावं ठेवणार नाही. रोज संध्याकाळी एजंट दारात येतो आणि दिवसाच्या कमाईतले दोनशे रुपये नेतो, अशी सवय कुठलंही अ‍ॅप लावत नाही. पण ती पिग्मी पतसंस्थेची असेल तर ठेवविम्याचं पाच लाखांचं कवच तिला नाही. ते बँकांनाच असतं. बँकेतही पाच लाखांपुढची रक्कम उघडी असते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पिग्मीत पैसे साठवावेत आणि मुदत संपली की पीपीएफ किंवा फंडात हलवावेत. भिशी ओळखीच्या दहा-बारा जणांपुरती ठीक. दामदुप्पट सांगणारी योजना दारातूनच परत पाठवावी.

उधारीत अडकलेला पैसाही बचतच असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. केवळ व्यापार करणाऱ्याला हा लाभ नाही. नोंदणी मोफत आहे, तरी कित्येक छोट्या कारखानदारांनी ती केलेली नसते.

राहिला वारसांचा प्रश्न. एकल मालकीचा धंदा कायद्याने मालकाहून वेगळा नसतो. तो गेला की चालू खात्यावरचे व्यवहार थांबतात आणि घरच्यांना पुरवठादाराचं देणं, ग्राहकाची उधारी, पॉलिसीचा कागद हे सगळं शोधत बसावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. प्रत्येक खात्याला नामांकन करून घ्यावं, मृत्युपत्र लिहावं, आणि खाती, पॉलिसी, कर्जं व येणी यांची यादी असलेला एक कागद घरच्या कपाटात ठेवून तो पत्नीला किंवा पतीला वाचून दाखवावा.